चार इंजिनांचा महाल

22 एप्रिल 2024 रोजी मुंबईच्या विमानतळावरून एअर इंडियाचं ‘आग्रा’ नावाचं विमान उडालं. आत एकही प्रवासी नव्हता. जमीन सुटल्यावर वैमानिकाने आधी एक पंख खाली झुकवला, मग दुसरा. विमानाने निरोप घ्यायची ही जगभरची रीत. ‘आग्रा’ अमेरिकेला निघालं होतं आणि परत येणार नव्हतं. तिथे त्याचे सुटे भाग काढून घेतले जायचे होते. एअर इंडियाकडे शेवटी उरलेल्या चार बोइंग 747 विमानांपैकी ते एक. या जातीचं पहिलं विमान मुंबईत उतरलं होतं 18 एप्रिल 1971 रोजी. म्हणजे त्रेपन्न वर्षं आणि वर चार दिवस.

जम्बो जेट या नावाने जग ज्याला ओळखतं, ते हे विमान. गेल्या पंधरा वर्षांत एकेका कंपनीने ते प्रवासी सेवेतून काढलं. जपान एअरलाइन्सने 2011 मध्ये, सिंगापूर एअरलाइन्सने 2012 मध्ये, युनायटेड आणि डेल्टा या अमेरिकी कंपन्यांनी 2017 मध्ये, तर केएलएम, क्वांटास आणि ब्रिटिश एअरवेज यांनी करोनाच्या 2020 सालात. का काढलं, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, ‘जुनं झालं होतं.’ हे उत्तर टिकत नाही. बोइंगचंच 737 हे विमान जम्बोच्याही आधी, 1967 मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही कारखान्यातून बाहेर पडताहेत आणि आपल्याकडच्या कंपन्या त्या रांगेत उभ्या राहून घेताहेत. जम्बोचं दुखणं वयाचं नव्हतंच. ते पंखांखाली लटकलेल्या चार इंजिनांचं होतं. मात्र ती चार इंजिनं मुळात का लागली, हे आधी पाहायला हवं.

साठच्या दशकात विमानप्रवास झपाट्याने वाढत होता. बोइंग 707 सारख्या जेट विमानांत दीडशेच्या आसपास माणसं बसत आणि मोठ्या विमानतळांवर गर्दी मावेनाशी झाली होती. पॅन अॅम या तेव्हाच्या सर्वांत दबदबा असलेल्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख ह्वान ट्रिप यांना 707 च्या अडीच पट मोठं विमान हवं होतं. बोइंगचे प्रमुख बिल अॅलन यांच्याशी त्यांचं बोलणं झालं आणि 13 एप्रिल 1966 रोजी पॅन अॅमने 25 विमानांची मागणी नोंदवली. किंमत साडेबावन्न कोटी डॉलर. तेव्हा विमान कागदावरही धड उतरलेलं नव्हतं, आणि ते जोडता येईल एवढा कारखानाही बोइंगकडे नव्हता. सिएटलच्या उत्तरेला एव्हरेट इथे जंगल तोडून तो बांधायला घेतला. एका बाजूला छत चढतंय आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या विमानाची जुळणी चालली आहे, असा सगळा प्रकार. आतल्या जागेच्या हिशेबाने ती इमारत जगातली सर्वांत मोठी ठरली.

रचनेची धुरा होती जो सटर या अभियंत्याकडे. कंपनीतली नामांकित मंडळी तेव्हा ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या कामात गुंतली होती. भविष्य त्याचंच आहे, अशी सर्वांची खात्री होती. ब्रिटन-फ्रान्सचं काँकॉर्ड येऊ घातलं होतं आणि बोइंगचं 2707 त्याच्याहून मोठं असणार होतं. श्रीमंत माणसं काही वर्षांत त्या विमानांतून जातील आणि जम्बो मालवाहतुकीला लावावं लागेल, असा सरळ हिशेब होता. म्हणून सटर यांच्या चमूने जम्बो आखलं ते पुढेमागे मालवाहू होणारं विमान म्हणूनच.

त्याचं नाकाडावरचं ते प्रसिद्ध टेंगूळ या हिशेबातूनच आलं. माल आत ढकलायला सोयीचं म्हणजे विमानाचं नाकच वर उघडलं पाहिजे. नाक उघडायचं तर वैमानिकांची केबिन तिथे ठेवून चालणार नाही. मग ती वर चढवली. तिच्यामागे हवेला अडथळा होऊ नये म्हणून छताला उतार दिला आणि त्या उताराखाली थोडी जागा उरली. तिथे काय करायचं? वैमानिकांच्या विश्रांतीची खोली, असा एक विचार होता. ट्रिप यांना तिथे पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठक दिसली, आणि खालून वर जाणारा गोल जिना आला. विमानाची रुंदीही मालावरूनच ठरली. आठ फूट रुंद, आठ फूट उंच असे दोन कंटेनर शेजारी-शेजारी मावले पाहिजेत, या गरजेतून आतली केबिन वीस फुटांची झाली. प्रवासी विमानात दोन मार्गिका आल्या त्या अशा. ट्रिप यांना खरं तर दोन अरुंद मजले एकावर एक हवे होते. अपघात झाला तर वरच्या मजल्यावरची माणसं दीड मिनिटात बाहेर कशी काढायची, याचं उत्तर सापडेना, म्हणून तो आराखडा मागे पडला.

गंमत अशी की ज्याच्या भीतीने हे सगळं केलं, ते बोइंगचं वेगवान विमान कधी बनलंच नाही. अमेरिकी संसदेने 1971 मध्ये त्याचे पैसे बंद केले. काँकॉर्ड उडालं, पण मोजक्या श्रीमंतांपुरतं, आणि 2003 मध्ये तेही थांबलं. तात्पुरतं म्हणून काढलेलं जम्बो मात्र पाच दशकं लांब पल्ल्याचा कणा बनून राहिलं.

एवढं मोठं विमान हाताळायचा अनुभव कोणाकडेच नव्हता. वैमानिक जमिनीपासून जवळपास तीन मजले उंचीवर बसणार, चाकं त्याच्या बरीच मागे, आणि अशा अवस्थेत ते विमानतळाच्या वळणावळणांवरून न्यायचं. सरावासाठी बोइंगने एक अजब वाहन तयार केलं. ट्रकवर उंच लोखंडी सांगाडा, त्याच्या टोकाला जम्बोची खोटी केबिन. चाचणी वैमानिक जॅक वॉडेल वर बसून खालच्या ट्रकचालकाला रेडिओवरून सूचना द्यायचे. कामगारांनी त्या वाहनाला वॉडेलचा छकडा म्हणायला सुरुवात केली. 9 फेब्रुवारी 1969 रोजी वॉडेल यांनी खरं विमान उडवलं, आणि ते फार सहज उडतं, असा त्यांचा निर्वाळा होता.

विमान सहज उडत होतं. अडत होती ती इंजिनं. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची जेटी9डी ही इंजिनं त्या काळच्या मानाने क्रांतिकारक होती. जुन्या जेट इंजिनात बहुतेक हवा आतल्या भट्टीतून जाई आणि कानठळ्या बसवत बाहेर पडे. या इंजिनाच्या तोंडाशी माणसाहून उंच पंखा होता. त्याने ओढलेल्या हवेपैकी बरीचशी भट्टीला वळसा घालून मागे जाई. इंधन कमी, आवाज कमी, जोर जास्त. पण सुरुवातीच्या इंजिनांचं आवरण ताणाखाली किंचित लंबगोल व्हायचं, आतली पाती घासायची, तापमान चढायचं. दुरुस्त्या होईपर्यंत पुरवठा खोळंबला. 1969 च्या अखेरीला एव्हरेटमध्ये तयार विमानं इंजिनांविना उभी होती आणि तोल राहावा म्हणून पंखांखाली इंजिनांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे टांगलेले होते. बोइंग कर्जात गळ्यापर्यंत बुडाली. सिएटल परिसरातले तिचे कामगार एक लाखाच्या घरातून 1971 पर्यंत चाळीस हजारांच्या खाली आले.

पॅन अॅमच्या पहिल्या प्रवासी फेरीलाही इंजिनाने दगा दिला. 21 जानेवारी 1970 च्या संध्याकाळी न्यूयॉर्कहून लंडनला निघायचं विमान इंजिन तापल्यामुळे परत फिरवावं लागलं आणि सहा तासांहून जास्त उशिराने दुसरं विमान गेलं. त्या बदली विमानाचं नाव ‘क्लिपर व्हिक्टर’. सात वर्षांनी, 27 मार्च 1977 रोजी, कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या धुक्यात केएलएमचं जम्बो याच विमानावर आदळलं. 583 माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतके बळी पुन्हा गेलेले नाहीत.

मुंबईने जम्बो पाहिलं ते राजेशाही थाटात. एअर इंडियाच्या पहिल्या विमानाचं नाव होतं ‘एम्परर अशोक’. प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची महिरप रंगवलेली, आणि जाहिरातीत या विमानाला आकाशातला महाल म्हटलेलं. परदेशी कंपन्यांची जम्बो बाहेरून सपाट पट्ट्यांची असताना एअर इंडियाचं विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखू येई. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी महाराजा लाउंज, भिंतींवर भारतीय चित्रं. त्याच काळात अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या जम्बोच्या बैठकीत चक्क इलेक्ट्रिक पियानो ठेवला होता. जागा भरपूर आणि गिऱ्हाईक कमी, अशा दिवसांतले ते लाड होते. पुढे तेलाचे भाव भडकले आणि बहुतेक कंपन्यांनी त्या बैठकी काढून तिथे खुर्च्या बसवल्या.

अशोकामागून शाहजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, अकबर, चंद्रगुप्त, कनिष्क, कृष्णदेवराय असे सम्राट आले. पुढच्या आवृत्तीच्या एका विमानाला ‘शिवाजी’ हे नाव मिळालं. नव्वदच्या दशकात 747-400 ही सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा राजांची जागा वास्तूंनी आणि गावांनी घेतली: कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजंठा, आग्रा आणि वेल्हा गोवा. नावांची ही यादी ज्याने कोणी काढली, त्याला भूगोलाचं आणि राजकारणाचं भान चांगलं असणार.

या वैभवाच्या आठवणीत दोन काळ्या तारखाही आहेत. 1 जानेवारी 1978 च्या रात्री ‘एम्परर अशोक’ दुबईला जायला सांताक्रूझहून उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर अरबी समुद्रात कोसळलं. विमान किती कललं आहे ते दाखवणारं कप्तानासमोरचं उपकरण बिघडलं होतं; बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, क्षितिज दिसायला काही नाही. खोट्या आकड्यावर विसंबून विमान उलट दिशेला वळवलं गेलं. 213 जण गेले. 23 जून 1985 रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘कनिष्क’ बॉम्बने फुटलं आणि 329 जण मारले गेले. त्या दिवशी कनिष्कच्या पंखाखाली चारऐवजी पाच इंजिनं होती. पाचवं बिघडलेलं, दुरुस्तीसाठी भारतात आणलं जात होतं. जम्बोची ही एक खासियत होती: जादा इंजिन पंखाला टांगून न्यायची सोय त्यात मुळातच केलेली होती. इंजिनं बिघडणं तेव्हा किती नित्याचं होतं, ते यावरून कळावं.

इथूनच जम्बोच्या निवृत्तीची खरी गोष्ट सुरू होते.

इंजिनं भरवशाची नव्हती म्हणून समुद्र ओलांडायला ती जास्त लागत. अमेरिकेत 1953 पासून नियम असा होता की दोन इंजिनांच्या विमानाने कोणत्याही क्षणी, एका इंजिनावर, साठ मिनिटांत एखाद्या विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. अटलांटिकच्या मधोमध किंवा पॅसिफिकवर साठ मिनिटांत कुठला विमानतळ गाठणार? दोन इंजिनांच्या विमानाला किनाऱ्याकिनाऱ्याने लांबचा वळसा घ्यावा लागे, आणि सरळ समुद्र कापून जायची मुभा चार इंजिनांच्या जम्बोकडे असे. जम्बोचं साम्राज्य त्याच्या आकारावर जेवढं उभं होतं, तेवढंच या नियमावर.

पण ज्या पंखावाल्या इंजिनांनी जम्बो शक्य केलं, तीच वर्षागणिक सुधारत गेली. उड्डाणात इंजिन बंद पडायचं प्रमाण इतकं घसरलं की नियमामागचं कारणच उरलं नाही. 1985 मध्ये ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या दोन इंजिनी बोइंग 767 ला साठऐवजी 120 मिनिटांची सवलत मिळाली. 1988 मध्ये ती 180 मिनिटांवर गेली. जगाच्या नकाशावर दोन इंजिनांना बंद असलेले समुद्र एकेक करून उघडले. 1995 मध्ये बोइंगने 777 सेवेत आणलं, ते 180 मिनिटांची परवानगी खिशात घेऊनच.

आकडे बोलके आहेत. पहिल्या जम्बोचं एक इंजिन सुमारे 43,500 पौंडांचा रेटा देई. चार मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास. 777-300ईआर या विमानाचं एकच इंजिन 1,15,000 पौंडांचा रेटा देतं. दोन मिळून दोन लाख तीस हजार. पहिलं जम्बो जास्तीत जास्त 333 टन वजनानिशी उडू शकत होतं, हे दोन इंजिनी विमान 351 टन उचलतं. म्हणजे दिसायला सडपातळ वाटणारं 777 मूळ जम्बोपेक्षा जास्त वजन घेऊन उडतं, आणि तेही निम्म्या इंजिनांवर. इंजिन ही विमानातली सर्वांत महाग आणि सर्वांत लाडावलेली वस्तू. चार असली की तपासण्या चार, सुटे भाग चौपट, इंधनाचा खर्च वेगळाच. 747-400 तासाला दहा टनांच्या आसपास इंधन पितं. 2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं, तेव्हा प्रत्येक कंपनीच्या हिशेबनीसाची नजर आधी जम्बोकडे गेली असणार.

दुसरं कारण प्रवाशांच्या सवयीचं. चारशे खुर्च्या रोज भरायच्या तर अनेक गावांची माणसं एका मोठ्या विमानतळावर गोळा करावी लागतात. एअर इंडियाचं मुंबई-न्यूयॉर्क जम्बो लंडनला थांबून जात असे. मुंबईची काही माणसं लंडनला उतरत, लंडनची काही चढत, आणि विमान भरे. 1 ऑगस्ट 2007 रोजी कंपनीने मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू केली, ती दोन इंजिनी 777-200एलआरवर. खुर्च्या कमी, पण मधला मुक्काम नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणाऱ्या लेकीकडे निघालेल्या मुलुंडच्या आजी-आजोबांना लंडनच्या हीथ्रोवर हातातल्या पिशव्या सांभाळत बसायचं नव्हतं, आणि तिकिटाचे दोन पैसे जास्त द्यायला व्यापाऱ्यांची ना नव्हती. जगभर हेच घडलं. मोठ्या विमानाची एक फेरी ठेवण्यापेक्षा मध्यम विमानाच्या दोन फेऱ्या, एक सकाळी आणि एक रात्री, गिऱ्हाइकालाही सोयीच्या आणि कंपनीलाही कमी जोखमीच्या.

एअरबसने हे सगळं दिसत असताना जम्बोहूनही मोठं, पूर्ण दुमजली ए380 बांधलं, हा हट्टच म्हणायचा. 2007 मध्ये ते सेवेत आलं आणि 251 विमानांवर 2021 मध्ये उत्पादन थांबलं. त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या एमिरेट्सने घेतली. बोइंगनेही एक शेवटचा प्रयत्न केला. लांबी वाढवून, नवी इंजिनं लावून 747-8 काढलं. त्याची 155 विमानं विकली गेली, पण त्यातली प्रवासी फक्त 48. बाकी 107 मालवाहू. बाजाराचा कौल याहून स्पष्ट काय असणार?

करोनाने नवं काही केलं नाही, होणारच होतं ते लवकर उरकलं. ब्रिटिश एअरवेज आपली 31 जम्बो 2024 पर्यंत हळूहळू काढणार होती. 17 जुलै 2020 रोजी तिने सगळी एकदम निवृत्त केल्याचं जाहीर केलं. निरोप मात्र ठिकठिकाणी मनापासून झाले. क्वांटासचं शेवटचं जम्बो 22 जुलै 2020 रोजी सिडनीहून अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटाकडे निघालं, तेव्हा त्याने समुद्रावर वळणं घेत आपल्या मार्गाने कांगारूचं चित्र काढलं. घरी अडकलेले लोक ते नकाशावर उमटताना पाहत होते. डेल्टाच्या शेवटच्या जम्बोत, अॅरिझोनाला जाताना, त्याच कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांनी हवेत लग्न लावलं.

वाळवंटच का, तर हवा कोरडी, पाऊस नावापुरता, गंज चढत नाही, आणि जमीन इतकी कडक की अवजड विमान उभं करायला काँक्रीट ओतावं लागत नाही. विमान आलं की इंजिनांची तोंडं बंद करतात, खिडक्या झाकतात, पक्षी घुसतील अशी प्रत्येक फट चिकटपट्टीने बुजवतात. विमान पुन्हा उडायची आशा असेल तर चाकं अधूनमधून फिरवतात, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाहीत. आशा नसेल तर आधी इंजिनं उतरतात, कारण खरी किंमत त्यांचीच. अनेकदा बाकीच्या सगळ्या विमानापेक्षा ती जास्त भरते. मग सोळा मुख्य चाकांचा आणि पुढच्या दोन चाकांचा सांगाडा, शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, केबिनमधले संगणक, पंखांच्या कडेच्या झडपा. प्रत्येक वस्तूला कागद असतो: कधी बसवली, किती तास उडाली, कोणी तपासली. कागद हरवला तर चांगला भागही भंगाराच्या भावाने जातो. सरतेशेवटी उरतं ते अॅल्युमिनियमचं पोकळ धूड, आणि ते यंत्राच्या जबड्याने कातरून वितळवायला जातं. काही पत्र्यांचे किल्लीला लावायचे बिल्ले होतात आणि शौकीन मंडळी ते बऱ्या दामाने घेतात.

थोडी विमानं वाचली. ब्रिटिश एअरवेजचं जुन्या रंगातलं एक जम्बो इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड विमानतळाने एका पौंडाला घेतलं आणि समारंभांसाठी सजवलं. केएलएमचं ‘सिटी ऑफ बँकॉक’ 2019 मध्ये अॅम्स्टरडॅमजवळ शेतं आणि महामार्ग ओलांडत, ट्रेलरवरून पाच दिवसांचा प्रवास करून एका हॉटेलच्या बागेत जाऊन बसलं. आपल्याकडे ज्या सांताक्रूझच्या हँगरांत तीन पिढ्यांच्या तंत्रज्ञांनी जम्बो उघडून पुन्हा जोडलं, त्या मुंबईत लोकांना आत शिरून पाहता येईल असं एकही जम्बो ठेवलेलं नाही. एअर इंडियाच्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला हे शोभत नाही. चार विमानं काही वर्षं नुसती उभी होती; त्यातलं एक नेहरू विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी, निदान नाकाच्या भागापुरतं, ठेवता आलं असतं.

त्या चार जणांनी शेवटच्या काळातही काम चोख केलं होतं. हज यात्रेच्या फेऱ्या, पंतप्रधान-राष्ट्रपतींचे परदेश दौरे, आणि 1 फेब्रुवारी 2020 रोजी चीनमधल्या वुहानहून 324 भारतीयांना दिल्लीत आणणारी फेरी. पुढे काय येऊन ठेपलं आहे याची देशाला नीट कल्पनाही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. प्रवाशांसाठीची एअर इंडियाची शेवटची जम्बो फेरी 2021 मध्ये झाली.

मालवाहतुकीत मात्र जम्बोला अजून तोड नाही. साठच्या दशकात जे भाकीत करून नाक उघडं ठेवलं, ते साठ वर्षांनी भलत्याच वाटेने खरं ठरलं. तेलविहिरीचे लांबलचक पाइप, गॅस टर्बाइनचे दांडे, शर्यतीचे घोडे, फॉर्म्युला वनच्या गाड्या: लांब वस्तू सरळ नाकातून आत जाते, बाजूच्या दारातून तिरकी करून कोंबावी लागत नाही. दोन इंजिनी मालवाहू विमानांना हे नाक नाही. प्रवासी जम्बोचं मालवाहू केलं तरी त्याला नाक बसवता येत नाही, फक्त बाजूला मोठं दार पाडतात. म्हणून कारखान्यातूनच मालवाहू म्हणून निघालेल्या जम्बोचा भाव अजून टिकून आहे. शेवटचं, म्हणजे 1,574 वं जम्बो 31 जानेवारी 2023 रोजी अॅटलस एअर या माल नेणाऱ्या कंपनीने एव्हरेटला ताब्यात घेतलं. त्याच्या नाकाजवळ जो सटर यांचं चित्र लावलेलं आहे. सटर 2016 मध्ये, वयाच्या 95 व्या वर्षी वारले.

अमेरिकी सरकारलाही अजून चारच इंजिनं हवी आहेत. राष्ट्राध्यक्षांसाठी जी दोन नवी विमानं घडवली जाताहेत, ती मुळात दिवाळखोरीत गेलेल्या एका रशियन कंपनीसाठी बांधलेली 747-8 आहेत. अणुयुद्धाच्या प्रसंगी हवेतून सूत्रं हलवण्यासाठी जो ताफा आहे, त्याच्या नव्या विमानांसाठी कोरियन एअरची पाच प्रवासी 747-8 विकत घेतली गेली आहेत.

त्यामुळे प्रवासी जम्बो उडवणाऱ्या मोजक्या कंपन्यांचा ताफा आणखी रोडावतो आहे. सध्या यादीत ठळक नाव लुफ्तान्साचं आहे. तिच्याकडे 747-8 ही आहेत आणि जुनी 747-400 ही, आणि जुन्यांच्या जागी येणारं बोइंग 777-9 वर्षानुवर्षं लांबल्यामुळे त्यांना मुदतवाढ मिळत गेली आहे. एअर चायनाकडेही काही आहेत. ज्यांना जम्बोत बसायचंच आहे त्यांनी फ्रँकफुर्टमार्गे जाणारं तिकीट काढताना विमानाचा प्रकार तपासून घ्यावा आणि आयत्या वेळी विमान बदलू शकतं हेही लक्षात ठेवावं. एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: लुफ्तान्साच्या जम्बोत वरचा मजला सगळा बिझनेस क्लासचा आहे, त्यामुळे इकॉनॉमीच्या प्रवाशाला तो जिना खालूनच पाहावा लागतो.